ठकीचे पट्टे

माझं तरी कुठे कुणी ऐकलं होतं? तू निदान तो काळा-पांढरा फोटो दाखवून घरच्यांची तोंडं बंद करू शकतेस. आता काय, बाळ दीड महिन्याचं नाही तोवर पोटावर फिरवतात तसलं मशीन कमरेवर फिरवतात आणि आतलं सगळं पडद्यावर. मी काय दाखवणार होते? मांडीच्या वळ्या. त्याच दाखवत फिरले. पोरीचा लंगोट बदलताना दिसायचं मला, डाव्या मांडीची वळी उजवीपेक्षा वर, आणि गुडघे दोन बाजूंना उघडायला गेलं की डावा पाय अर्ध्यातच अडायचा — दाराखाली खडा अडकल्यासारखा. नवऱ्याला सांगितलं. आमचे हे बर्फाच्या कारखान्यात, लाद्या उचलून बोटं बधिर झालेली आणि मला तर वाटतं बोटांपाठोपाठ डोकंही — म्हणाले, पोरांच्या मांड्या अशाच असतात. कोपऱ्यावरचा डॉक्टर होता त्याला दाखवलं. त्याने लंगोट सोडलाही नाही. वरूनच बघितलं आणि मला विचारतो, बाई शिकलात किती? म्हटलं, चौथी. म्हणाला, मग हे माझ्यावर सोडा. सोडलं. दुसरं काय करणार? कुणीच विश्वास ठेवला नाही बघ. — म्हणजे, एकीने ठेवला. तेही सांगते. तू नीट टेकून बस, पोरीचे पाय लोंबकळू देऊ नकोस, मांडीवर घे असे फाकवून. हां.

माझी लेक इथे आत आहे. सकाळपासून. त्या दारामागे. पंचविशी ओलांडली तिने आणि खुबा म्हाताऱ्या बाईचा, घासून घासून पार झिजलेला. आज तो काढून धातूचा बसवतायत. ठकी म्हणतो आम्ही तिला. खरं नाव शाळेत राहिलं. प्लास्टरमध्ये होती ना लहानपणी, छातीपासून घोट्यापर्यंत, पाय ताठ, लाकडी बाहुलीसारखी — कुणीतरी ठकी म्हणालं आणि तेच चिकटलं. आत नेताना ढकलगाडीवरून माझा हात धरला आणि मला विचारलं — जाऊ दे. तुझं चाललं होतं ना, सासूवर भरवसा नाही म्हणून. नोकरी सोडून घरी बसणार म्हणालीस, कारण तिला बाळाच्या पायांना बांधलेले पट्टे बघवत नाहीत, तुझी पाठ वळली की ती सोडेल. सांगते मग. माझ्याही घरी सासू होती.

आणि माझी सासू साधी नव्हती. तिला स्वतःलाच खुब्याचं हे होतं. तुला वाटतं हा आजार काल-परवाचा? त्यांच्या घरात तो दागिन्यासारखा चालत आलेला, बायकाबायकांत. सासूबाईंची आत्या होती, तिला कुणी काही केलंच नाही. चालायला लागली ती डुलत चालायला लागली, घरच्यांनी बदक म्हणून हाक मारायला सुरुवात केली, मेली तेव्हाही बदकच मेली. लग्न नाही, काही नाही. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की हे जन्मल्या जन्मल्या बघायचं असतं? पोर चालेपर्यंत कळायचंच नाही, आणि चालल्यावर कळून उपयोग काय — घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. सासूबाईंच्या वेळी एवढं झालं की निदान इलाज करायचा असतो हे लोकांना कळलं. आधी हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने एका माणसाला छातीवर बसवलं आणि स्वतः पाय ओढला. ते बसलं नाही. मग मोठ्या दवाखान्यात. तिथे खाटेला पाय बांधून पायाच्या टोकाला वजन लटकवलं, वाळूची पिशवी असायची, पाय हळूहळू खाली ओढला जावा म्हणून. आणि त्यानंतर प्लास्टर — बेडकासारखे पाय फाकवून. ते उतरवायचे की दुसरं. आत खाज सुटायची तर त्यांची आई विणकामाची सुई आत घालून खाजवायची. उन्हाळ्यात आत जखम झाली, वास सुटला, तेव्हा शेजारच्यांनी पोरांना त्यांच्या खोलीत पाठवणं बंद केलं. हे सगळं त्या सांगायच्या, भाजी निवडता निवडता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. आणि शेवटी प्लास्टर कापलं तर पाय म्हणजे वाळकी काडी आणि सांधा गच्च. जन्मभर एका हाताने मांडी दाबत चालल्या. बोलायला फटकळ. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, माझ्या चालीकडे काय बघतेस, माझ्या आधी पोहोचून दाखव.

तर त्यांनी विश्वास ठेवला माझ्यावर. त्या एकट्यांनी. मी लंगोट सोडून मांडी दाखवली, त्यांनी बघितलं, ठकीचा गुडघा धरून हळूच बाहेर नेला, आणि तोंड असं झालं त्यांचं — राखेसारखं. म्हणाल्या, चप्पल घाल. नवऱ्याला विचारलं नाही, कुणाला नाही, सासू-सुना दोघी पोरीला घेऊन निघालो, मी पुढे आणि त्या मांडी दाबत मागे. इथेच आलो. तेव्हा ही फरशी नव्हती. एक डॉक्टरीणबाई होत्या, पिकल्या केसांच्या, त्यांनी आधी हात चोळून गरम केले. मग ठकीचे गुडघे दुमडून धरले, मांड्या बाजूला नेल्या, बोटाने मागून उचलल्यासारखं केलं. माझा हात ओढून तिथे ठेवला. म्हणाल्या, लागलं? लागलं. आवाज नाही गं होत, हाताला कळतं, काहीतरी घरंगळून आत गेलं. म्हणाल्या, वाटीत गोटी बसावी तसा मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत बसलेला असतो, हिचा बाहेर सरकतोय. पाय दुमडून फाकवून धरले की बसतो. आणि बसून राहिला तर वाटी त्याच्याभोवती आपोआप खोल होते, हाड आत्ता ओल्या मातीसारखं आहे. माती वाळायच्या आत करायचं. सासूबाई म्हणाल्या, प्लास्टर? बाई म्हणाल्या, नाही आजी, नुसते पट्टे. पट्ट्यांवर बरी होईल. तर माझ्या सासूबाई, ज्यांना मी सासरे गेले तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं, त्या तिथे बाहेर नळापाशी जाऊन तोंड धूत बसल्या, धूतच बसल्या.

आता तुझे हे पट्टे बघ, पाकिटात येतात, मापाचे. तेव्हा लहान मापाचे नव्हतेच इथे. एकच नमुन्याचा होता, मोठ्या बाळाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा घेऊन जा, जाड सुती पट्टीचे असेच शिवून घ्या कुठून तरी. कुठून तरी? माझ्या माहेरी दुकान होतं. दादाचं. माझा थोरला भाऊ — वडील गेले तेव्हा मी चौथीत, शाळा सुटली ती तिथेच, पण उपाशी झोपले नाही एकही दिवस ते त्याच्यामुळे. त्याने मला वाढवलं, उजवून दिलं, आणि दिल्यावरही दाराशी आला नाही असा महिना नाही. चामड्याचं काम करतो. कमरपट्टे, पिशव्या, कुत्र्यांचे गळपट्टे, घोड्यांचे लगाम. त्याच्या हातचा टाका बघशील तर मशीनचा वाटेल, आणि मशीनचा टाका उसवतो, याचा नाही. त्याच्यापुढे नमुना ठेवला. त्याने दोन बोटांत धरला, जशी मेलेली पाल धरावी. म्हणाला, सुती? माझ्या भाचीला सुती? पोतं शिवायचंय का? आणि दुकानाच्या शटरला कुलूप घालून बसला. कोकराचं कमावलेलं चामडं काढलं, लोण्यासारखं मऊ, ते कुणा श्रीमंताच्या हातमोज्यांसाठी ठेवलेलं होतं. कडा घासून गोल केल्या, पितळेची बारीक बक्कलं, आतून फलालीनचं मऊ अस्तर. असे पट्टे राजाच्या पोरीलाही नसतील. बायका बघायला आल्या होत्या घरी, पोर बाजूला, पट्ट्यांचंच कौतुक.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी सुती सांगितलं होतं. दादा आमच्यासोबत आला होता, म्हणाला, बाई, सुती काचतं, हे चाळीस वर्षं टिकेल. त्या हसल्या. म्हणाल्या, मला चाळीस आठवडेसुद्धा नकोत. पण बांधले. आणि बक्कल जिथे बसलं तिथे पेनाने रेघ मारली — ही खूण सोडायची नाही, आंघोळसुद्धा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मी म्हटलं, हो.

मी धुलाईच्या कारखान्यात होते, हॉटेलांच्या चादरी यायच्या, इस्त्रीच्या रुळावर माझं काम. कामावर जायलाच हवं होतं, म्हणून ठकी सासूबाईंपाशी. दिवसभर तिच्याशेजारी बसून असायच्या, एक हात तिच्या गुडघ्यावर. पोर रडायचं, पट्टे ओले व्हायचे, घाम यायचा, मुताने भिजायचे — बाळच ते — सासूबाई पुसून वारा घालायच्या. एकदा रात्री मला म्हणाल्या, बांधलेल्या पोराचे हाल मला विचार. एवढंच म्हणाल्या. मी ते लक्षात ठेवलं. ऐकतेस ना? मी ते लक्षात ठेवलं.

पुढच्या खेपेला आलो तर डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याखाली बोटं घातली. सगळा पंजा गेला. ठकीचा पाय खाली सरळ झालेला. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, घरी पट्टे कोण सोडतं? म्हटलं, कुणी नाही. खूण बघा, बक्कल खुणेवरच आहे. म्हणाल्या, खूण मलाही दिसते, पट्टा सैल आहे तोही दिसतो, कुणीतरी सोडतंय आणि परत लावतंय. पुन्हा आवळून दिले, नवी खूण. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. बक्कल रेघेवर, पट्टा ढिला. मग फोटो काढला. गोळा बाहेर. मागच्या बाजूला चढून बसलेला. बाई म्हणाल्या, आता पट्ट्यांवर भागायचं नाही, पाय जबरदस्तीने बांधून ठेवला तर हाडाचा रक्तपुरवठा जातो, आता भूल देऊन बसवू आणि प्लास्टर. प्लास्टर म्हणाल्या आणि मला नळापाशी तोंड धूत बसलेली ती म्हातारी दिसली, आणि त्याच क्षणी मला कळलं कोण सोडतं ते. म्हणजे — कळलं असं वाटलं.

तूच सांग, तुला दुसरं काय वाटलं असतं? घरात दिवसभर ती एकटी. तिलाच पट्टे बघवत नाहीत. बक्कल बरोबर खुणेवर, म्हणजे केवढी कावेबाज — मी गेले की सोडायचं, यायच्या वेळी रेघेवर रेघ जुळवून लावायचं. मी घरी आले आणि बोलले. हळू बोलायची मला सवय नाही, कारखान्यात रुळांचा आवाज असतो. जिन्यातली सगळी दारं उघडली. म्हटलं, स्वतः लंगडी झालीस, आता जोडीला नात हवी होय? हे म्हटलं मी. त्या पोरीपाशी बसलेल्या होत्या. म्हणाल्या, मी सोडीन? एवढंच. मी सोडीन? दोनदा. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, त्या गप्प बसल्या म्हणून मला आणखी खात्री पटली. नवरा खाली मान घालून उभा. आणि दादा — त्या दिवशी दादाही होता, प्लास्टरचं ऐकून धावत आला होता. त्याने ते काढलेले पट्टे उचलले. बोटांतून ओढले, एकदा, दोनदा, जसं कापड मोजतात तसे. नमुन्याचा सुती पट्टा पडला होता, त्याच्याशेजारी धरले. मग खिशात घातले. आणि म्हणाला, जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे, माया आली असेल.

माया आली असेल.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं शरमेने बघतायत. दुसऱ्या दिवशी धाकट्या मुलाकडे राहायला गेल्या, कपड्यांचं एक बोचकं घेऊन, मांडी दाबत. पुढे तिथेच वारल्या. ठकीला पुन्हा हात लावू दिला नाही मी. शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहून बघायच्या म्हणे. ठकी सांगायची, ती लंगडी बाई आज पण आली होती. मी सांगितलं होतं तिला कोण ते. आणि काय केलं ते. लहान होती तेव्हापासून सांगत आले. मग प्लास्टर झालं, ते फुकट गेलं, कापून बसवलं, हाड छाटून वळवलं, पट्टी-स्क्रू घातले, ते काढले — प्रत्येक वेळी मी सांगत आले, तुझ्या आजीची कृपा. आणि दादा प्रत्येक वेळी तिला खांद्यावर घेऊन हे जिने चढला. तिचा पाय आखूड राहिला तर उंच तळव्याचा बूट त्यानेच केला, दरवर्षी नवा, पाय वाढेल तसा. कातडं सुद्धा तिच्या आवडीच्या रंगाचं. मी म्हणायचे, देव असा भाऊ सगळ्यांना देवो.

ठकी नववीत असेल. सासूबाईंना जाऊन दिवस झाले होते. मी बूट आणायला दुकानात गेले. तिथे एक गिऱ्हाईक, कुत्र्याचा गळपट्टा घेऊन भांडत होतं, नवा पट्टा चार दिवसांत सैल झाला म्हणून. आणि आतून आवाज आला, अगदी सहज, हातातली चामडं टोचायची आरी न थांबवता — अहो, मऊ चामडं आहे, ओलं झालं की बोट-दोन बोटं सोडतंच. भोक तिथेच राहतं, पट्टा लांबतो. आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा सांगेल. अंगावरचं असेल तर आधी भिजवून ताणून घ्यावं लागतं, नाहीतर सुती वापरावं.

मग वर बघितलं तर दारात मी.

आरी थांबली. गिऱ्हाईक गेलं. मग मला विचारलं, चहा सांगू? आणि मी — तुला खोटं वाटेल — मी चहा प्यायले. बशीत ओतून, फुंकून. बूट घेतला आणि घरी आले.

चामड्याला काय अक्कल असते? त्याचा काय दोष. डॉक्टरीणबाईंनीही हसून बांधलेच ना. मुद्दाम कुणी केलं का? मुळीच नाही. मायेपोटी झालं. पण मग त्या दिवशी पट्टा बोटांतून ओढून बघितला तो कशाला? सुती पट्ट्याशेजारी धरला तो कशाला, खिशात घातला तो कशाला? तेव्हा एक शब्द बोलला असता तर सासूबाई घरात राहिल्या असत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि चोर वर म्हणतो, जाऊ दे, माफ करा संन्याशाला. आणि मी कुणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याच्या हातचा घास खाऊन वाढले त्याच्या तोंडावर — नाही रेटत जीभ. इतकी वर्षं नाही रेटली. नवऱ्याला नाही सांगितलं. ठकीला तर नाहीच. तिचा जीव त्याच्यावर, बापापेक्षा जास्त. आजही रक्त त्याचंच दिलंय तिला, आत्ता खाली गेलाय तो, औषधं आणायला.

सकाळी नेताना काय म्हणाली सांगू? नव्या डॉक्टरने तिला समजावलं होतं, लहानपणी पट्टे नीट बसले असते तर आज हा खुबा बदलावा लागला नसता. तर ढकलगाडीवर माझा हात धरून म्हणते, आई, खरं सांग, आजीने मुद्दाम सोडले होते का गं? मला ती फाटकाशी उभी असलेली आठवते. ती हात हलवायची. मी एकदा दगड मारला होता तिला. — दगड. हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, तू आधी बरी हो, मग सांगते. तर म्हणाली, शुद्धीवर आले की पहिलं तेच विचारणार.

म्हणून इथे बसून सकाळपासून तोंडातल्या तोंडात जुळवतेय. ठके, आजीने सोडले नव्हते. इथपर्यंत येतं. त्यापुढे कुणी, ते येत नाही. तू परकी आहेस, तुझं माझं काही देणंघेणं नाही, तुझ्यापाशी तरी यावं म्हटलं तर बघ, अजून पट्टा, चामडं, आरी, गिऱ्हाईक असंच बोलतेय.

तुझं बोलावणं आलं वाटतं. हो, तुलाच, लाल झबल्याचं बाळ म्हणतेय ती नर्स. ऊठ. पाय सांभाळ तिचे. आणि नोकरी सोडू नकोस उगाच. पट्टे ढिले झाले तर आधी पट्टा तपास, मग सासूचं तोंड बघ. जा ना, थांबलीस कशाला? ते दार उघडलं बघ, माझीच येतेय, डोळे किलकिले करतेय, जागी आहे. आणि जिन्याने तोही वर येतोय, हातात औषधांची पिशवी. सरक, मला जाऊ दे तिच्यापाशी. — काय? कुणी म्हणजे? तुला अजून नाव हवंय का माझ्या तोंडून? बरं, घे. तिला सांगायच्या आधी एकदा मोठ्याने म्हणते, त्याला ऐकू गेलं तरी चालेल.

दादा.